कोल्हापुरात गिगला आणि लोकसंगीताच्या कार्यक्रमाला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉक बँडचा शो (म्हणजेच गिग), शाहिरी, गोंधळ, हलगीचा ताफा असं सगळं कोल्हापुरात ऐकायला मिळतं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला साध्या साध्या शंका असतात. सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथं क्रमांक दिला आहे.

१. कोल्हापुरात बँड किंवा लोकसंगीत प्रत्यक्ष ऐकायचं तर जायचं कुठं?

रॉक आणि फ्युजन बँड मुख्यतः तीन ठिकाणी भेटतात: कॉलेजांचे महोत्सव, संध्याकाळी ‘लाइव्ह म्युझिक’ ठेवणारे कॅफे-रेस्टॉरंट, आणि थंडीत मोकळ्या लॉनवर होणारे कार्यक्रम. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवाकडं फार लोक दुर्लक्ष करतात आणि ते चुकीचं आहे. तिथं लोकवाद्यवृंद आणि पाश्चात्त्य समूहगीत या दोन्ही स्पर्धा असतात. खेड्यातल्या कॉलेजची पोरं संबळ, हलगी, तुणतुणं घेऊन जे वाजवतात ते ऐकण्यासाठी एक दिवस काढावाच.

शाहिरी, भारूड, लोकगीतांचे कार्यक्रम सभागृहांत आणि चौकांत होतात. दसरा चौकातलं राजर्षी शाहू स्मारक भवन हे नेहमीचं ठिकाण. १८८३ पासून चालत आलेला गायन समाज देवल क्लब शास्त्रीय संगीताचा. तिथं कान तयार झाला की बाकी सगळं वेगळं ऐकू येतं. शिवजयंतीला पेठापेठांत पोवाडे होतात. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात पोवाड्याला आजही गर्दी होते.

एक सूचना. खासबागेतलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीच्या आगीत जळालं आणि तिथले कार्यक्रम इतरत्र हलले. त्यामुळं जुन्या सवयीनं थेट खासबागेत जाऊ नका, पत्रिकेवर हॉलचं नाव वाचून मगच निघा.

२. कार्यक्रम कधी आहे हे कळतं कसं? आम्हाला नेहमी दुसऱ्या दिवशी फोटो दिसतात.

बँडचे शो आठ-दहा दिवस आधी इन्स्टाग्रामवर पडतात. जागेचं पान आणि बँडचं पान, दोन्ही फॉलो करा. कारण कॅफेवाले कधी कधी त्याच दिवशी दुपारी पोस्ट टाकतात, बँडवाले आधी टाकतात. लोककलांचे कार्यक्रम अजूनही स्थानिक वर्तमानपत्रातल्या ‘आजचे कार्यक्रम’ या चौकटीत, चौकातल्या फ्लेक्सवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळतात. सभागृहाच्या दाराशी असलेला फळा जाता-येता वाचायची सवय लावा. एका कार्यक्रमाला गेलात की निघताना संयोजकांच्या यादीत नंबर द्या, पुढचं आपोआप येत राहतं.

३. तिकीट किती असतं? ‘प्रवेशिका आवश्यक’ म्हणजे फुकट की विकत?

‘विनामूल्य, प्रवेशिका आवश्यक’ असेल तर पैसे नाहीत, पण पास आधी जाऊन घ्यावा लागतो. तो बहुतेक वेळा सभागृहावर किंवा एखाद्या दुकानात ठेवलेला असतो. ‘सन्मानिका’ म्हणजे संयोजकांनी निमंत्रितांना दिलेला पास, त्यावर पुढच्या रांगा राखीव असतात. ‘देणगी प्रवेशिका’ विकतच असते.

कॅफेत ‘कव्हर चार्ज’ असेल तर तो बिलातून वजा होणार की वेगळा, हे दारातच विचारा. ‘कव्हर’ आणि ‘एंट्री’ हे दोन शब्द लोक सरमिसळ वापरतात आणि बिल आल्यावर वाद होतो. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही. त्यापुढं लागतो, म्हणून ४९९ चं तिकीट इतकं दिसतं.

ओळखीचा बँड आहे म्हणून फुकट पास मागू नका. पाच जणांच्या बँडला सरावाच्या खोलीचं भाडं, गिटारच्या तारा, ड्रमच्या काठ्या, टेम्पो हा सगळा खर्च खिशातून असतो. ओळख आहे म्हणून तर तिकीट काढून जायचं.

४. पत्रिकेवर सात लिहिलंय. खरं किती वाजता जाऊ?

सभागृहातल्या कार्यक्रमाला पंधरा मिनिटं आधी. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतात अर्धा तास जाईल असं धरून उशिरा जाणारे हमखास पहिला गण किंवा नमन चुकवतात. शाहिरीत तर सुरुवातीलाच आवाज आणि डफ एकमेकांत बसतात, ती मजा परत येत नाही.

कॅफेत सातचं साडेसात होतं. तरी सातलाच पोहोचा, कारण चांगल्या जागा पाचच असतात (प्रश्न ५). दोन बँड असतील तर पहिला बँड ऐकाच. रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवायला लावणं हा नवीन पोरांवर अन्याय आहे.

५. कुठं बसलं किंवा उभं राहिलं की नीट ऐकू येतं? पुढं उभं राहिलो तर गाण्याचे शब्दच कळले नाहीत.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. अगदी स्टेजला चिकटून, मधोमध उभं राहिलात की मुख्य स्पीकर तुमच्या दोन्ही बाजूंना आणि तुमच्या डोक्यावरून मागच्या लोकांकडं तोंड करून असतात. तुमच्यापर्यंत येतो तो ड्रमचा आणि गिटारच्या अॅम्पचा थेट आवाज. गायकाचा आवाज मात्र फक्त स्पीकरमधून येतो, म्हणून तो दबतो.

सोपा हिशोब असा: दोन मुख्य स्पीकरांमध्ये जेवढं अंतर आहे, साधारण तेवढंच अंतर स्टेजपासून मागं या आणि मध्यभागी राहा. स्पीकर वीस फुटांवर असतील तर वीस फूट मागं. त्याहून सोपं म्हणजे साऊंडवाला जिथं मिक्सर घेऊन बसलाय त्याच्या शेजारी किंवा एक हात पुढं. तो जे ऐकतो त्यावरच बटणं फिरवतो.

टाळायच्या जागा: भिंतीला टेकून किंवा कोपऱ्यात उभं राहू नका, तिथं बेस साचतो आणि सगळं घुमतं. बाल्कनीच्या खाली खोलवर बसू नका, तिथं वरचे सूर पोहोचत नाहीत. पत्र्याच्या मंगल कार्यालयात कार्यक्रम असेल तर आत गेल्यावर एक टाळी वाजवून बघा. ती टाळी सेकंदभर रेंगाळली तर पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात बसा; मागं नुसता गोंगाट असेल.

पहिल्या दोन गाण्यांत आवाज कच्चा वाटला तर लगेच जागा बदलू नका. रिकाम्या हॉलमध्ये केलेली चाचणी माणसं भरल्यावर चुकते, कारण कपडे आणि शरीरं वरचे सूर शोषून घेतात. तिसऱ्या गाण्यापर्यंत साऊंडवाला जुळवून घेतो.

हलगी, ढोल-कैताळ (कैताळ म्हणजे मोठे झांज) असेल तर वेगळा नियम: वाद्याच्या तोंडासमोर उभं राहू नका, एका बाजूला दहा-पंधरा फुटांवर थांबा. तिथून ठोक्यांमधली बारीक कामंही कळतात.

६. मधेच ती कर्कश शिट्टी का वाजते? साऊंडवाला नवखा असतो का?

नेहमीच नाही. माइकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, तोच पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि फेरा धरतो, त्याची ती शिट्टी. गायक माइक हातात घेऊन मुख्य स्पीकरच्या पुढं चालत आला, किंवा माइकची जाळी मुठीत झाकून धरली, की ती वाजणारच. पोवाड्यात झीलकरी (शाहिराच्या मागून सूर धरणारे साथीदार) दोन जण एका माइकवर लांबून ‘जी जी रं जी’ म्हणतात तेव्हा साऊंडवाल्याला आवाज वाढवावा लागतो आणि धोका वाढतो. शिट्टी वाजली म्हणून प्रेक्षकांतून ओरडू नका. त्यानं तो गडबडतो आणि चुकीचा चॅनल खाली ओढतो.

७. शोनंतर कान सुन्न झाले, रात्रभर ‘टीं’ वाजत होतं. काळजीचं आहे का?

कानाला इजा होण्याइतका आवाज होता याची ती खूण आहे. बहुतेकदा एका दिवसात उतरतं. दोन दिवसांनंतरही राहिलं, किंवा एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं, तर वाट न बघता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जा. अचानक गेलेल्या श्रवणशक्तीत उपचार जितके लवकर तितके चांगले.

हिशोब लक्षात ठेवा. ८५ डेसिबलला ८ तास चालतात. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. छोट्या बंद खोलीत ड्रम आणि दोन गिटार असले की १०० सहज गाठलं जातं. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अॅप अंदाजापुरतं ठीक आहे.

औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. लोक ते नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणतात. पद्धत अशी: हात स्वच्छ करा. प्लग बोटांत फिरवून अगदी बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागं ओढा. प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत २०–३० सेकंद बोटानं धरून ठेवा. आपलाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमला तर नीट बसला. फोम वरचे सूर जास्त कापतो. गाणं नीट ऐकायचं असेल तर वादकांचे फिल्टरवाले प्लग घ्या, ते सगळे सूर साधारण सारखे खाली आणतात. कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी.

८. हलगीवाले कार्यक्रमाआधी कागद पेटवून वाद्य का शेकतात?

हलगी म्हणजे धातूच्या कड्यावर ताणून बसवलेलं कातडं. हवेतला ओलावा कातड्यात शिरला की ते सैल पडतं आणि आवाज ‘कडाड’ ऐवजी ‘भद्द’ येतो. पावसाळ्यात आणि थंडीतल्या दवात हे लवकर होतं. म्हणून कागदाचा किंवा पाचोळ्याचा जाळ करून, कड्याला धरून, हलगी त्यावर फिरवत राहायची. एका जागी धरली तर कातडं करपतं आणि तडकतं. मधे मधे बोटानं टिचकी मारून बघतात. खणखणीत उत्तर आलं की थांबायचं. एका हातातली बारीक लांब काडी कातड्याला लागून चालते, दुसऱ्या हातातली जाड आखूड काठी ठोका देते. त्या दोन आवाजांचा मेळ कातडं ताणलेलं असेल तरच ऐकू येतो.

त्यामुळं मधेच वादक बाजूला गेला तर तो विश्रांतीला गेला असं समजू नका, आणि जाळाभोवती गर्दी करू नका. कातड्याऐवजी फायबरचं पान बसवलेल्या हलगीला शेकावं लागत नाही, पण तिचा आवाज सपाट येतो.

९. शाहिरी किंवा गोंधळ ऐकताना टाळ्या कधी वाजवायच्या? मधे दाद दिली तर चालते का?

चालते, नव्हे द्यावीच. ही गप्प बसून ऐकायची कला नाही. पोवाड्यात शाहीर एक चौक (पोवाड्याचा एक भाग) म्हणतो, मग मधे गद्यात प्रसंग सांगतो, आणि झीलकरी ‘जी जी’ उचलतात. ती झील तुम्हीही उचलायची. गद्य चालू असताना मात्र शांत राहा, तिथं शब्द महत्त्वाचे. डफ-तुणतुण्याचा वेग वाढला की टाळ्यांनी ठेका धरला तर चालतो, पण तो पुढं पळवू नका. प्रेक्षकांच्या टाळ्या वेगानं धावतात आणि वादकाला मागं खेचत बसावं लागतं. ‘चांगभलं’ची आरोळी गोंधळात, जागरात शोभते; रॉक शोमध्ये कुणी दिली तर कोल्हापुरात बँडही हसून उत्तर देतो.

१०. फर्माईश करू का?

कॅफेत चिठ्ठीवर लिहून द्या, दोन गाण्यांच्या मधे. बँड स्वतःची गाणी वाजवत असेल तर करू नका. ‘ओरिजिनल’ शो म्हणजे त्यांनी सहा-आठ महिने बसवलेलं काम असतं, त्यात हिंदी सिनेमाचं गाणं मागणं म्हणजे जेवायला बोलावलेल्या घरी बाहेरून पार्सल मागवण्यासारखं. शाहिराला फर्माईश आवडते, पण ती नावानं आणि आदरानं करा.

११. मोबाइलवर शूटिंग केलं तर?

एक-दोन गाण्यांचा छोटा तुकडा बहुतेक जण चालवून घेतात. फ्लॅश नको. फोन छातीच्या वर नेऊ नका. पूर्ण कार्यक्रम विचारल्याशिवाय अपलोड करू नका, विशेषतः नवीन, अजून बाहेर न आलेली गाणी. लोककलावंतांचं चित्रीकरण टाकलंत तर शाहिराचं आणि साथीदारांचं नाव विचारून खाली लिहा. नाव नसलेल्या व्हिडिओला लाखभर लोक बघतात आणि पुढची सुपारी (कार्यक्रमाचं बोलावणं) मात्र दुसऱ्याला जाते.

१२. कलाकारांना पैसे द्यायची रीत काय? नोटा उडवलेल्या चालतात का?

उडवू नका. शाहिरीत बक्षीस द्यायचं तर साथीदाराच्या हातात द्या आणि नाव सांगा, शाहीर ते पुकारतो. गोंधळात दिवटीच्या (पेटत्या मशालीच्या) ताटात ठेवतात. लावणीच्या सभागृहातल्या कार्यक्रमात स्टेजजवळ जाऊन नोट दाखवणं हा त्या बाईचा अपमान आहे आणि संयोजक तुम्हाला बाहेर काढतील तर बरोबरच करतील. द्यायचं असेल तर मध्यंतरात संयोजकांकडं द्या. बँडचा क्यूआर कोड स्टेजच्या बाजूला लावलेला असतो. दोन कॉफींचे पैसे तिथं टाकले तर त्या रात्रीच्या तारा निघतात.

१३. रात्री दहाला ऐन रंगात बंद का करतात? काही ठिकाणी बारापर्यंत कसं चालतं?

ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. वर्षातल्या ठराविक दिवसांना, जास्तीत जास्त १५, सांस्कृतिक किंवा धार्मिक कारणासाठी १२ पर्यंत सवलत देता येते. ते दिवस जिल्हाधिकारी आधी जाहीर करतात. बाकी दिवशी पोलिसांनी बंद केलं तर संयोजकांशी वाद घालू नका, गुन्हा त्यांच्यावर दाखल होतो.

अपवाद बंदिस्त जागांचा: प्रेक्षागृह, सभागृह अशा ठिकाणी आतल्या आत आवाज ठेवून चालू ठेवता येतं. पण लॉनला कनात लावली म्हणजे ती बंदिस्त जागा होत नाही.

१४. मग दहानंतर माइक बंद करून नुसती हलगी किंवा गिटार वाजवली तर?

इथं भले भले फसतात. नियम फक्त लाउडस्पीकरपुरता नाही, त्यात वाद्यंही येतात. त्यामुळं चौकात माइकशिवाय हलगी घुमवली तरी तक्रार होऊ शकते. शिवाय दवाखाना, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असेल, तर तिथं दिवसाही मर्यादा ५० डेसिबलची आहे. लॉन निवडताना संयोजकांनी आणि तक्रार करण्याआधी श्रोत्यांनी, दोघांनीही हे बघावं.

१५. पाऊस आला किंवा लाइट गेली तर पैसे परत मिळतात का?

‘रद्द’ आणि ‘पुढं ढकलला’ यात फरक आहे. रद्द झाला तर परतावा मागा. पुढं ढकलला तर तेच तिकीट चालतं, म्हणून फाडून टाकू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मोकळ्यावरच्या शोचं तिकीट काढताना पर्यायी हॉल ठरलाय का हे आधीच विचारा. ओल्या स्टेजवर वाजवायला बँडनं नकार दिला तर त्यांना भित्रे म्हणू नका. ओल्या पायांनी, इलेक्ट्रिक गिटार गळ्यात घेऊन, ओठ माइकला लागले आणि अर्थिंग खराब असेल तर जीव जातो.

१६. लहान मुलांना, आजी-आजोबांना नेऊ का?

लोकसंगीताला जरूर न्या. रॉक शोला लहान मूल न्यायचं तर कानावर बसणारे इअरमफ लावा (फोमचे प्लग बाळाच्या कानात घालू नका) आणि स्पीकरपासून लांब, बाहेरच्या दाराजवळ बसा. ज्येष्ठांसाठी आधी फोन करून पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे, हे तीन प्रश्न विचारा. ‘सोय आहे’ या उत्तरावर थांबू नका. बारमध्ये शो असेल तर वयाचा प्रश्न येतो: महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१, बाकी मद्यासाठी २५. ओळखपत्र जवळ ठेवा.

१७. मुलींनी एकटीनं जावं का? परत कसं यायचं?

जातात, आणि जावं. साऊंडवाल्याच्या जवळची जागा इथंही चांगली, कारण तिथं उजेड असतो आणि संयोजकांचा माणूस उभा असतो. नाचताना कुणी मुद्दाम धक्का दिला तर त्याच माणसाला सांगा. चांगले बँड गाणं थांबवून त्याला बाहेर काढायला लावतात. रात्री उशिरा केएमटीच्या (शहर बसच्या) भरवशावर राहू नका, परतीची रिक्षा किंवा सोबत आधी ठरवा. गाडी आणलीत तर ती थोडी लांब लावून चालत या; पेठांतल्या गल्लीत दारासमोर लावलेली गाडी हे पुढच्या वेळी परवानगी न मिळण्याचं एक कारण असतं.

१८. जोतिबाची चैत्र यात्रा किंवा पट्टणकोडोलीची यात्रा बघायला, नुसतं संगीतासाठी गेलं तर चालेल का?

चालेल, पण तो शो नाही. जोतिबाला सासनकाठ्या (दोऱ्यांनी तोललेल्या उंच मानाच्या काठ्या) नाचतात तेव्हा पुढचं हलगी-पिपाणीचं वादन त्या काठीसाठी असतं, तुमच्यासाठी नाही. काठी फिरायला लागली की तिच्या दोऱ्यांच्या आत उभं राहू नका. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत धनगरी ढोल आणि कैताळ एकाच वेळी अनेक ताफ्यांचे वाजतात. कान जपा (प्रश्न ७). गुलाल आणि भंडारा फोनच्या आणि कॅमेऱ्याच्या फटीत शिरतो, म्हणून प्लॅस्टिकची पिशवी न्या आणि खराब झाले तरी चालतील असेच कपडे घाला. ओवी ऐकायची असेल तर गर्दीच्या मुख्य दिवसापेक्षा आदल्या रात्री धनगरांच्या मुक्कामी जा आणि परवानगी मागून कडेला बसा.

१९. ओळखीच्यांच्या घरी गोंधळ आहे, ‘या ऐकायला’ म्हणालेत. तिथं काय पाळायचं?

चपला बाहेर. चौक (देवीची पूजेची मांडणी) मांडलेला असतो, तो ओलांडायचा नाही, त्याच्या कडेनं जायचं. संबळ सुरू व्हायच्या आधी जेवून घ्या, कारण आख्यान दोन-तीन तास चालतं आणि मधे उठणं बरं दिसत नाही. संबळाच्या जोडीतलं एक तोंड चढ्या सुराचं, एक खर्जाचं असतं. खर्जाच्या बाजूला बसलात तर घुमारा पोटात ऐकू येतो. गोंधळी नावं पुकारून देवतांना ‘गोंधळा ये’ म्हणतात, तेव्हा सगळ्यांसोबत म्हणा. दिवटीत तेल घालायची पाळी आली तर संकोच करू नका, पळी हातात देतात तेवढंच घाला. शूटिंग घरच्यांना विचारून. आणि आरती होऊन प्रसाद हातात पडेपर्यंत बसा.